शिक्क्याचा कागद

वरंध घाट

पुण्याहून महाडला जाणारी आमची एसटी वरंध घाटात टपऱ्यांपाशी थांबली आणि सगळी गाडी भजी खायला उतरली. मी उतरले नाही. मांडीवरची पिशवी सीटवर ठेवून जायची माझी तयारी नव्हती. पिशवीत फक्त नऊ झेरॉक्स पानं होती. चोराने ती फेकूनच दिली असती. मी स्वतः ती पाच वर्षं ड्रॉवरमध्ये फेकून दिली होती, तेव्हा चोराला नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही.

महाड म्हणजे रायगडाला जाताना सहलीची गाडी जिथे थांबते ते गाव, एवढंच ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मलाही तेवढंच ठाऊक होतं. मी सहलीला निघाले नव्हते, माफी मागायला निघाले होते.

पुण्यातल्या एका प्रकाशन संस्थेत मी तीस वर्षं संपादक होते. लोकांची बाडं ‘साभार परत’ करण्याचा मला पगार मिळायचा म्हणा ना. एके वर्षी बिरवाडीहून एक वही आली. सकपाळ नावाचे शाळामास्तर होते, इंग्रजी शिकवणारे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका रोमन कवीने शेतीवर लिहिलेलं मोठं काव्य त्यांनी मराठीत आणलं होतं. मूळ काव्याचे चार भाग, म्हणून चार वह्या. त्यांतली पहिली नमुना म्हणून पाठवली होती, बाकीच्या तीन घरी तयार होत्या. कवीचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण सकपाळ सरही लिहीत नसत. वहीभर त्याचा उल्लेख ‘आमचा रोमन’ असाच होता, चार शेतं पलीकडे राहणारा कुणी असावा तसा.

सोबत लांबलचक पत्र होतं. हा रोमन शेतकऱ्याचा मुलगा, उंच, सावळा, लाजाळू. यादवी युद्ध संपल्यावर सरकारने त्याच्या मुलखातल्या जमिनी काढून घेतल्या आणि शिपायांना वाटल्या. त्यात याच्या बापाचीही गेली. पुढे वशिल्याने परत मिळाली, असं काही लोक म्हणतात. ‘आमची बिरवाडीजवळची कारखान्यांसाठी गेली. ती मिळाली नाही, पण त्यामुळे रोमन मला समजला,’ असं सरांनी लिहिलं होतं.

मी त्या वहीची दहा पानं वाचली. वही चार वर्षं ठेवून घेतली. मग ती परत केली आणि सोबत छापील पत्र पाठवलं, की अनुवाद मूळ लॅटिनवरून नसल्यामुळे आमच्या धोरणात बसत नाही. खाली माझी सही आणि संस्थेचा शिक्का. कधीतरी कुणाचा अभिप्राय घ्यावा म्हणून नऊ पानं झेरॉक्स केली होती, ती कुणाला पाठवायचीच राहिली.

निवृत्त झाले तेव्हा ड्रॉवर आवरताना ती हाती लागली. घरी नेली आणि गॅलरीत बसून वाचली, या वेळी माणसासारखी वाचली. रोमनाच्या नांगराचा एकेक भाग सरांनी आपल्या नांगराच्या शब्दांत बसवला होता. फाळ, हाळीस, रुमणं, जू. कुठे ओढाताण नाही. ओळ वाचली की बैल पाऊल टाकतो असं वाटायचं. असं मराठी मी तीस वर्षांत छापलं नव्हतं. छापलं काय काय होतं ते आठवून मला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही.

ही जानेवारीतली गोष्ट. सरांना पत्र लिहिलं, चारही वह्या मागितल्या. उत्तर आलं नाही. मग तेव्हाच का नाही गेलीस, असं विचाराल. गुडघा होता, भाचीचं लग्न होतं, माझाच निरोपसमारंभ होता, ज्यात मी साहित्याची केवढी सेवा केली यावर चार जण बोलले. मी निघाले मे महिन्यात.

महाड

लॉजच्या खोलीत माझ्या डोक्याच्याही वर, भिंतीवर तपकिरी रेघ होती. रंगाऱ्याचं काम राहिलं असेल असं समजून मी मालकाला टोकलं. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, ते पुराचं पाणी. रंग दिला होता, पुन्हा वर आली. आता ठेवली तशीच.”

सावित्री नदी चढली की महाडकर काय करतात हे त्याने मला टॉवेल देता देता समजावलं. आमच्याकडे पुण्यात नळाला पाणी आलं नाही तर आम्ही वर्तमानपत्राला पत्र लिहितो. इथे पाणी दुकानात येतं आणि माणसं गुपचूप माळ्यावर चढतात.

“वर आधी काय नेता? दागिने?” मी विचारलं.

“कागद,” तो म्हणाला. “दागिने धुऊन घालता येतात. कागद भिजला की माणूस नसल्यात जमा.”

मी हसले. हे वाक्य मी लक्षात ठेवायला हवं होतं.

दुपारी खानावळीत मी पोळी मागितली. वाढणाऱ्या बाईंनी माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि तांदळाची भाकरी वाढली. वर वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी. वासानेच मला धडकी भरली होती, पण खाल्ली, आणि दुसऱ्यांदा मागून खाल्ली. बाईंनी विचारलं नाही, नुसतंच वाढलं. पुण्यात दुसऱ्या भाकरीच्या आधी ‘झालं ना?’ असं विचारायची पद्धत आहे. पोट भरल्यावर मला उगाचच बरं वाटायला लागलं. सर भेटतील, रागावतील, मी ऐकून घेईन, मग वह्या देतील. छापायचा खर्च मी स्वतः करायचा हे ठरवूनच आले होते. प्रस्तावनेत माझी चूक कबूल करायची. त्या प्रस्तावनेची पहिली दोन वाक्यंही मी भाकरी खाता खाता जुळवली. असा माझा पश्चात्ताप, त्यातसुद्धा मला छापील नाव हवं होतं.

बिरवाडी

महाडच्या स्टँडवर तुडीलची गाडी लागली होती, बिरवाडीची नव्हती. शेवटी मिनीडोर म्हणतात त्या मोठ्या रिक्षात नऊजणांत दहावी बसले. बहुतेक सगळे कारखान्यांत पाळीवर जाणारे, मांडीवर डबा. औद्योगिक वसाहतीची हद्द लागल्याचं मला नाकाने सांगितलं. माझा रुमाल वर गेला तसा शेजारचा तरुण म्हणाला, “सवय होते, आँटी.” तो ओडिशाचा होता आणि त्याचं मराठी माझ्या नातवापेक्षा बरं होतं.

सरांचा पत्ता म्हणजे एका बैठ्या चाळीतली खोली निघाली. निवृत्तीनंतर लग्नाबिग्नाशिवायचा हा माणूस कामगारांच्या शेजारी भाड्याने राहत होता. कारण चाळीच्या मालकीणबाई शेवंताबाईंनी सांगितलं.

“त्या खिडकीतनं बघा. ती कारखान्याची भित दिसते ना? तितं सरांचं शेत व्हतं. मला म्हणायचे, शेवंताबाय, मला हीच खोली द्या. रोज सकाळी चा घेऊन त्या भितीकडं बघत लिवत बसायचे.”

“बसायचे?”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तुमाला म्हाईत नाय काय गो बाय? सर गेले. गेल्या गणपतीनंतर. लय नाय झोपून राहिले, आठ दिवस.”

मी उंबऱ्यावरच बसले. शेवंताबाईंनी पाणी दिलं आणि आतून एक पाकीट आणलं. माझंच जानेवारीतलं पत्र, न फोडलेलं. “हे सर गेल्यावर आलं. कुनाला देनार? ठेवलं तसंच.”

माफी मागायची ती कुणाकडे, हा प्रश्न आता सुटला होता. उरल्या वह्या. त्या कुठे आहेत असं विचारलं, तर सरांचे मोठे भाऊ धोंडूदादा ट्रंक घेऊन गेले होते. जमीन गेल्यावर ते सासुरवाडीला, पोलादपूरच्या वरच्या एका वाडीत जाऊन शेती करत होते.

“सरांनी सांगितलं व्हतं त्यांना माझ्यासमोर,” शेवंताबाई म्हणाल्या. “दादा, माझं कागद जपून ठेव. तसं वचनच घेतलं बघा. आनि धोंडूदादा शबुद मोडनारा मानूस नाय.”

हे ऐकून माझ्या जिवात जीव आला. त्या रोमनाची गोष्ट मला आठवली. सरांनी पत्रात ती रंगवून लिहिली होती. मरताना तो आपल्या मोठ्या महाकाव्याबद्दल म्हणाला, पुरं झालेलं नाही, जाळून टाका. सम्राटाने त्याचा शब्द मोडला आणि महाकाव्य वाचवलं, म्हणून जगाला ते मिळालं. इथे तर शब्द मोडायचीही गरज नव्हती. सरांनी जपायलाच सांगितलं होतं. माझा सर रोमनापेक्षा नशीबवान निघाला, असं मी मनात म्हटलं. ‘माझा सर’ म्हणायची लाज वाटली नाही.

पोलादपूरच्या वर

पोलादपूरच्या स्टँडपासून जीप मिळाली ती ओढ्यापर्यंत. पुढे चढ. अर्ध्या वाटेत माझ्या पुणेरी सँडलचा पट्टा तुटला. गवताचे भारे घेऊन उतरणाऱ्या दोन बायका खो खो हसल्या, मग त्यांतल्या एकीने डोक्यावरचा भारा न उतरवता कमरेची सुतळी काढून दिली. सुतळीने बांधलेली सँडल घालून मी वाडीत शिरले. करवंदांनी वाटेवरची झुडपं काळी झाली होती, खाली सावित्रीची बारीक रेघ दिसत होती. इतकं सुंदर ठिकाण आणि मला फक्त ट्रंक दिसत होती.

धोंडूदादा ऐंशीच्या घरातले. पाठ ताठ, डोळ्यांत मोतीबिंदू. पुण्याहून आले, सरांच्या ओळखीची, एवढंच मी सांगितलं. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. वहिनींनी आधी कोकमाचं सरबत दिलं, मग फणसाचे गरे, मग चहा. कामाचं बोलायला इथे घाई करत नाहीत. पुण्यात मी एव्हाना काम उरकून जिना उतरले असते.

“सरांचे कागद तुमच्याकडे आहेत असं कळलं,” मी शेवटी म्हटलंच.

दादांचा चेहरा उजळला. “हायत तर! भाऊचा शबुद हाय. एक कागद हालू दिला नाय.”

त्यांनी स्वतः ट्रंक ओढत आणली. कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. एकेक कागद प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न मोडता. सरांची नेमणुकीची ऑर्डर. बदलीची ऑर्डर. पेन्शनचं पुस्तक. सातबारे. जमीन संपादनाच्या नोटिसा. शिबिराचं प्रमाणपत्र. विजेची भरलेली बिलं. एसटीचा जुना पास. ट्रंक रिकामी होत आली तशी मी वाकून तळ बघायला लागले.

“वह्या?” मी विचारलं. “चार वह्या होत्या. सरांच्या हाताने लिहिलेल्या.”

“त्या व्हय,” दादा म्हणाले. “त्या राबात घातल्या की.”

राब म्हणजे काय ते कोकणाबाहेरच्यांना सांगायला हवं. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची तो तुकडा पावसाआधी भाजून घेतात. खाली शेण, त्यावर झाडाच्या फांद्या, त्यावर गवत, त्यावर पातेरा म्हणजे वाळकी पानं, आणि वर मातीचा पातळ थर. मग पेटवायचं आणि हळूहळू जळू द्यायचं. मला हे माहीत होतं, कारण माझ्या नऊ झेरॉक्स पानांत ते होतं. रोमनही शेत जाळायला सांगतो, आणि त्या जागी सरांनी समासात राबावर टीप लिहिली होती, की जाळल्याने जमिनीला नेमकं काय मिळतं हे ना त्याला नक्की ठाऊक होतं, ना आमच्या दादाला, पण दोघं जाळतात आणि दोघांचं पीक येतं.

“औंदा पातेरा कमी पडला,” दादा सांगत होते. “वह्या सुक्या, धडधडीत. चैतात घातल्या. चांगला भाजला राब. बघायचाय?”

अंगणाच्या खालीच होता. काळा चौकोन, सहा पावलं लांब. मी बघितला. मला त्या म्हाताऱ्याच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. अडाणी माणसा, असा शब्द माझ्या तोंडात आला होता, हे लिहायला मला आज लाज वाटते.

“पण सरांनी जपायला सांगितलं होतं ना!”

“मंग? जपलं की सगळं.” त्यांना माझं बोलणंच कळेना. मी पिशवीतली नऊ पानं काढून त्यांच्या हातात दिली. असे कागद, असे, म्हणून. त्यांनी पानं डोळ्यांजवळ नेली, उलटी केली, सुलटी केली, आणि हळुवारपणे परत दिली. “बाई, ह्याला पन शिक्का नाय.”

मग त्यांनी सांगितलं. जमिनीची मोजणी आली तेव्हा त्यांच्या वडिलांनी घरातला वाटणीचा कागद नेला. पाच पंचांचे अंगठे, गावच्या मास्तरांचं सुंदर अक्षर. साहेबाने तो बघितलासुद्धा नाही. शिक्का कुठाय, एवढंच विचारलं आणि कागद टेबलावरून खाली सरकवला. नदीकडचा तुकडा त्यांच्या नावावर नाही असं ठरलं.

“बापानं तो कागद तितंच फाडला. मला म्हनाला, धोंड्या, शिक्का असंल तो कागद. बाकी समदी रद्दी.” दादांनी ट्रंकेवर हात ठेवला. “भाऊ गेल्यावर मी आठ दिस बसून येक येक बघितला. शिक्का हाय का नाय. शिक्क्याचा येक बी जाऊ दिला नाय.”

रोमनाने जाळा म्हटलं आणि लोकांनी जपलं. सरांनी जपा म्हटलं आणि भावाने मनापासून जपलं, साहेबांनी शिकवलं होतं तसं.

“भाऊचे पुण्याचे बी दोन कागद हायत,” ते म्हणाले. “तुमी पुण्याच्या, बघा.”

पहिलं माझं पत्र होतं. छापील, ‘आमच्या धोरणात बसत नाही’, खाली माझी सही, जी माझी मलाच वाचता येत नाही, आणि जांभळा गोल शिक्का. पिशवी नवीन होती, सगळ्यांत जाड प्लास्टिकची.

“हे आलं तवा भाऊ लय हसला,” दादा म्हणाले. “मला म्हनाला, दादा, माझं समदं लिवनं येकीकडं आनि हा कागद येकीकडं. हाच खरा. म्हनून ह्यो मी वरच ठेवलाय. सही बाईंची हाय म्हनाला. कोन वो ह्या बाई? मोठ्या हायत काय?”

“होत्या,” मी म्हणाले. “निवृत्त झाल्या.”

दुसऱ्या पिशवीत वहीचं एक पान होतं. पहिल्या वहीचं पहिलं पान, शिवणीपाशी ब्लेडने काळजीपूर्वक कापलेलं. वही आमच्याकडे आली त्या दिवशी आवकच्या कारकुनाने त्याच्यावर शिक्का मारला होता. ‘मिळाले’ आणि तारीख. चार वह्यांतल्या या एकाच पानावर शिक्का पडला होता, म्हणून ते उरलं. आमच्या ऑफिसात पानापानावर शिक्के मारायची पद्धत असती, तर आज सगळा रोमन ट्रंकेत असता. पहिल्या पानावर मारून कारकून चहाला गेला असणार आणि मी वही ड्रॉवरमध्ये टाकली.

शिक्क्याच्या खाली सरांच्या अक्षरात तीन ओळी होत्या. माझ्या दहा पानांत हे पान नक्की होतं, पण अर्पणपत्रिका मी कधी वाचत नसे.

‘दादास.
तू नांगर सोडला नाहीस म्हणून मला वही धरता आली.
ही तुझी आहे. कोणीतरी तुला वाचून दाखवील.’

“काय लिवलंय वो?” दादांनी विचारलं. “अक्षर भाऊचं, येवडं वळकतं. पुढचं दिसत नाय.”

वहिनीही दारात येऊन उभ्या राहिल्या. मी पान हातात धरून बसले होते. तीन ओळी वाचायला किती वेळ लागतो? पण त्या वाचल्या असत्या तर त्यांनी विचारलं असतं, ती वही म्हणजे कोणती, आणि त्यांची नजर अंगणाखालच्या काळ्या चौकोनाकडे गेली असती. त्या म्हाताऱ्याला हे सोसणार नाही म्हणून मी गप्प राहिले, असं परतीच्या गाडीत मी स्वतःला घाटभर सांगत होते. ते खरं नाही. वही चार वर्षं कुणाच्या ड्रॉवरमध्ये होती, हेही मग त्यांनी विचारलं असतं.

मी बोट शिक्क्यावर ठेवलं.

“मिळाले, असं लिहिलंय,” मी म्हणाले. “आणि तारीख आहे.”

दादांनी समाधानाने मान हलवली. पान माझ्या हातून घेतलं, पिशवीत सरकवलं, पिशवीच्या तोंडाची दोनदा घडी घातली आणि ट्रंकेला कुलूप लावलं.

“मंग पोचलं म्हनायचं भाऊचं,” ते म्हणाले.